गुण येण्याची वाट

नैराश्यावरची नेहमीची गोळी सुरू केली की गुण दिसू लागायला दोन ते चार आठवडे जातात आणि औषध खरोखर लागू पडले की नाही हे कळायला सहा ते आठ. मळमळ, तोंडाला कोरड, झोप उडणे हे त्रास मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू होतात. सुरुवातीला रुग्णाच्या वाट्याला येतो तो औषधाचा जाच. फायदा अजून लांब असतो. घरचे रोज विचारतात, "काही फरक वाटतोय का?" आणि रुग्ण नुसती मान हलवतो. कित्येक जण याच टप्प्यावर गोळ्या सोडतात. जे टिकतात त्यांनाही पहिलेच औषध मानवेल असे नसते. अमेरिकेत सुमारे ४ हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टार-डी' या अभ्यासात पहिल्या औषधाने लक्षणे जवळजवळ नाहीशी झालेल्यांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपासच निघाले. उरलेल्यांसाठी दुसरी गोळी आणि पुन्हा तेवढेच आठवडे.

आत्महत्येचे विचार डोक्यात घोळत असलेल्या माणसासाठी सहा आठवडे ही फार मोठी मुदत आहे. मनोविकारांच्या उपचारांत गेल्या पंचवीस वर्षांत जे नवे आले, त्यातले बरेचसे ही मुदत कमी करण्याच्या खटपटीतून आले. काही ठिकाणी आठवड्यांचे तास झाले. दुसरी एक वाट मात्र याहून लांबची आहे. ती म्हणजे आजार सुरू झाल्यापासून कोणत्याही उपचारापर्यंत पोहोचण्याची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचे दिसले. देशात लाख माणसांमागे एक मनोविकारतज्ज्ञही पुरता वाट्याला येत नाही. त्यामुळे नव्या शोधाची पारख करताना तो किती लवकर गुण देतो याच्या जोडीला तो किती जणांच्या हाती लागतो, हेही विचारावे लागते.

क्षयाच्या वॉर्डातला उत्साह

आज वापरात असलेल्या मानसिक औषधांची मूळ घराणी जवळजवळ सगळी अपघाताने सापडली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे नवे औषध दिले जात होते. अंथरुणाला खिळलेली माणसे अचानक उठून बसली, भूक लागली म्हणू लागली, वॉर्डात नाचू लागली. हाच उत्साह पुढे पाच वर्षांनी नैराश्यावरच्या पहिल्या औषधाच्या रूपाने दवाखान्यात आला. क्लोरप्रोमाझीनचा माग आँरी लाबोरी या फ्रेंच शल्यचिकित्सकाला लागला तो शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराला बसणारा धक्का सौम्य करण्याच्या प्रयत्नात. १९५२ मध्येच पॅरिसच्या झाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिले. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी गिनीपिगना लिथियमचा क्षार टोचला आणि ती चपळ जनावरे शांत पडून राहिली. १९४९ मधल्या त्या निरीक्षणातून बायपोलर विकारावरचे आजही अव्वल असलेले औषध मिळाले.

या घराण्यांत एक भारतीय वनस्पतीही आहे. सर्पगंधेची मुळी वेडावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. त्या मुळीतून वेगळे काढलेले रेसरपिन काही वर्षांतच अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत पोहोचले. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला तेव्हा मनोरुग्णांवर रेसरपिन वापरणारे नेथन क्लाइनही मानकऱ्यांत होते.

रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास झाले, आयप्रोनियाझिड घेणारे उल्हसित. पहिले औषध मेंदूतील सेरोटोनिनसारख्या संदेशवाहक रसायनांचा साठा रिता करते, दुसरे ती रसायने टिकवून धरते. या दोन टोकांवरून तर्क निघाला की नैराश्य म्हणजे या रसायनांची कमतरता. तर्क सोपा होता आणि औषध कंपन्यांच्या कामाचाही. 'मेंदूतलं केमिकल कमी पडलंय' हे वाक्य दवाखान्यांतून घराघरांत गेले. त्याने रुग्णाला दोष देण्याची सवय थोडी कमी झाली, हा त्याचा मोठा उपकार. पण शास्त्र म्हणून ते कधी सिद्ध झाले नाही. सेरोटोनिनची पातळी गोळी घेतल्यावर काही तासांतच हलू लागते आणि गुण यायला आठवडे लागतात, ही फट त्या तर्काने कधीच बुजली नाही.

भुलीचे इंजेक्शन

ती फट पहिल्यांदा रुंद करून दाखवली केटामाइनने. १९६२ मध्ये तयार झालेले आणि १९७० पासून अमेरिकेत अधिकृतपणे वापरात असलेले हे भुलीचे औषध भारतातल्या छोट्या शस्त्रक्रियागृहांनाही चांगले परिचयाचे आहे. रक्तदाब आणि श्वास फारसा न खालावता भूल देता येते, म्हणून जिथे साधने कमी तिथे त्यावर भिस्त. २००० साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी अवघ्या सात नैराश्यग्रस्तांना त्याची अगदी अल्प मात्रा शिरेतून दिली. वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत. काही तासांत त्यांची उदासी उतरू लागली. पुढच्या अनेक चाचण्यांत हाच अनुभव आला आणि आत्महत्येचे विचारही काही तासांत ओसरताना दिसले.

ही चाळीस मिनिटे सुखाचीच असतात असे नाही. सलाइन सुरू झाल्यावर काही मिनिटांत हातपाय आपले नसल्यासारखे वाटतात, खोलीतले आवाज लांबून येतात, छत वरखाली होते. कोणाला तरंगल्यासारखे वाटते, कोणी घाबरतो. म्हणून दिवे मंद ठेवतात, जवळ माणूस बसवतात आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजतात. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मान्यता मिळालेला एस्केटामाइनचा नाकातला फवारा रुग्णाला घरी नेता येत नाही. तो देखरेखीखाली घ्यायचा, नंतर दोन तास तिथेच थांबायचे आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. एका मात्रेचा परिणाम आठवडा-दोन आठवड्यांत विरतो, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. वरचेवर घेतल्यास चटक लागण्याची आणि मूत्राशय दुखावण्याची भीती खरी आहे. तरीही बुडत्याला काठावर ओढून आणायला चार तास लागणे आणि चार आठवडे लागणे यातला फरक एवढा मोठा आहे की या औषधाने मनोविकारशास्त्राची दिशाच बदलली. ते सेरोटोनिनच्या वाटेने जात नाही, ग्लूटामेट या दुसऱ्याच रसायनाच्या ग्राहकांवर (रिसेप्टर्सवर) काम करते. उंदरांच्या मेंदूत त्यानंतर चेतापेशींची तुटलेली जोडणी पुन्हा वाढताना दिसते. माणसाच्या मेंदूतही तसेच होते का, याचा शोध चालू आहे.

सायलोसायबिन या मशरूममधल्या, भास घडवणाऱ्या द्रव्याबद्दलही सध्या खूप बोलले जाते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञांना हट्टी नैराश्यासाठी ते देण्याची मुभा दिली आहे. पण या द्रव्यांच्या चाचणीत एक अडचण मुळातच आहे. खरे औषध कोणाला मिळाले आणि लुटुपुटूचे कोणाला, हे अर्ध्या तासात खोलीतल्या सगळ्यांनाच कळते. मग आशेचा परिणाम किती आणि औषधाचा किती, हे वेगळे कसे काढायचे? एमडीएमए या जवळच्या द्रव्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये नकार दिला, त्यामागच्या आक्षेपांत हा एक होता.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याची कथा याहून वेगळी आहे आणि तिच्यात अपघाताचा भाग कमी आहे. गरोदरपणात अॅलोप्रेग्नॅनोलोन हे मेंदूला शांत ठेवणारे द्रव्य शरीरात खूप वाढते आणि बाळंत होताच झपाट्याने खाली येते. काही जणींच्या मेंदूला हा उतार सोसत नाही. आधी हेच द्रव्य साठ तास सलग शिरेतून देण्याचा उपचार २०१९ मध्ये आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये झुरानोलोन ही त्याच धर्तीची गोळी अमेरिकेत मान्य झाली. चौदा दिवस, रोज संध्याकाळी, स्निग्ध पदार्थांसोबत एक मात्रा. चाचण्यांत तिसऱ्या दिवसापासूनच फरक दिसू लागला. माहेरी आलेली बाळंतीण बाळाकडे बघत नाही, रात्रभर जागी असते, सारखी रडते, तेव्हा 'नजर लागली' किंवा 'लाडावलीय' असे म्हणणारी माणसे अजून घरोघरी आहेत. त्यांना दाखवण्यासाठी या संशोधनाकडे गोळीच्याही आधी एक गोष्ट आहे. हा उतार रक्तात मोजता येतो.

चहातली गोळी

छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया. कानात आवाज येणे, कोणीतरी मागावर असल्याचा पक्का संशय, हळूहळू माणसांतून उठणे. १९५२ पासून यावर आलेली जवळजवळ सगळी औषधे डोपामाइनचा मारा अडवूनच काम करत. आवाज कमी होत, पण अंग ताठ होई, हात थरथरत, नव्या पिढीच्या औषधांनी वजन आणि साखर वाढे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेत मान्य झालेले झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे सत्तर वर्षांत पहिल्यांदाच वेगळ्या दाराने आत शिरणारे औषध. झॅनोमेलिन १९९० च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांवर तपासले जात असताना त्यांचे भास आणि संशय कमी झालेले दिसले. पण उलट्या आणि पोटाच्या तक्रारींपायी ते बाजूला पडले. पुढे सुचलेली युक्ती साधी आणि देखणी आहे. लघवीच्या तक्रारीवरचे ट्रॉस्पियम नेमका उलटा परिणाम करते आणि मेंदूत शिरत नाही. दोन्ही एकत्र दिली की झॅनोमेलिनचे काम मेंदूत चालू राहते आणि पोटातला त्रास ट्रॉस्पियम बराचसा आवरते. मान्यतेसाठीच्या मुख्य चाचण्या पाच आठवड्यांच्या होत्या, मळमळ पूर्ण गेलेली नाही, नाडीही वाढते. वर्षानुवर्षे घ्यायच्या औषधाबद्दल शेवटचा शब्द इतक्यात कोणी बोलू नये.

या आजारात घराला सर्वांत जास्त थकवते ती गोळी पोटात जाईल की नाही ही चिंता. आपण आजारी आहोत हेच रुग्णाला पटलेले नसते. मग आई गोळी कुटून चहात घालते, भाकरीच्या घासात दडवते, आणि एक दिवस ते उघडकीस आले की घरच्या अन्नावरचाही विश्वास जातो. विषप्रयोगाचा संशय ज्याला आधीच आहे त्याच्या मनावर याचा काय घाव बसत असेल! महिन्यातून एकदा, तीन महिन्यांतून एकदा आणि २०२१ पासून सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे पॅलिपेरिडोनचे इंजेक्शन या रोजच्या झगड्यातून घराला सोडवू शकते. रुग्णाची संमती मिळवण्याचे काम त्याने सुटत नाही, पण ते रोज तीनदा करावे लागत नाही.

चुंबकाची टकटक

नैराश्यावरचा चुंबकाचा उपचार बाहेरून पाहिला तर दंतवैद्याच्या खुर्चीची आठवण होते. रुग्ण पूर्ण जागा असतो. कानातली, क्लिपा, मोबाइल बाजूला काढून ठेवलेले असतात आणि कानांत बोळे घातलेले. इंग्रजी आठच्या आकाराचे वेटोळे डोक्याच्या डाव्या बाजूला, हाताच्या हालचालीच्या भागावर टेकवतात आणि बटण दाबतात. टक्. उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. तंत्रज्ञ शक्ती कमी-जास्त करत अंगठा जेमतेम उडेल असा आकडा शोधतो, कारण प्रत्येक कवटीखालचा मेंदू वेगळ्या अंतरावर असतो. मग वेटोळे कपाळाच्या दिशेने पुढे सरकते आणि खरा उपचार सुरू होतो. चार सेकंद सुतारपक्ष्यासारखी टकटक, सेकंदाला दहा ठोके, सव्वीस सेकंद विश्रांती, पुन्हा टकटक. पहिले काही दिवस डोक्याच्या कातडीला ते टोचते, नंतर सवय होते. पूर्ण सत्र साडेसदतीस मिनिटांचे, ३ हजार ठोक्यांचे.

यामागचे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्येच मांडले होते. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करते, आणि मेंदू हा वाहकच आहे. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये कवटी न उघडता माणसाचा हात असा हलवून दाखवला. नैराश्यात मंदावलेला मेंदूचा डावा पुढचा भाग अशा ठोक्यांनी जागा करता येतो, या कल्पनेवर उभारलेल्या यंत्राला अमेरिकेत २००८ साली परवानगी मिळाली. भूल लागत नाही, स्मरणशक्तीला धक्का लागत नाही. झटका येण्याचा धोका फार क्वचित. डोक्यात धातू बसवलेला असेल तर मात्र हा उपचार नाही.

अडचण वेळापत्रकाची आहे. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आणि रजा मिळणाऱ्या माणसाला ते जमते. तालुक्याच्या गावाहून एसटीने येणाऱ्याला, सोबत रोज एक माणूस आणणाऱ्याला, ज्याची मजुरी बुडते त्याला तीस फेऱ्या जमत नाहीत. त्यामुळे या क्षेत्रातली सर्वांत उपयोगी प्रगती वेळ कापण्याची आहे, असे म्हणायला हरकत नाही. कॅनडातल्या ४१४ रुग्णांवरच्या चाचणीत २०१८ मध्ये असे दिसले की ठोक्यांची लय बदलली तर तीन मिनिटांचे सत्र साडेसदतीस मिनिटांच्या सत्राला तोडीस तोड ठरते. त्याच यंत्रावर दिवसाला कितीतरी जास्त रुग्ण घेता येतात. स्टॅनफर्डमध्ये नोलन विल्यम्स यांच्या गटाने याहून पुढे जाऊन दिवसाला दहा सत्रे, प्रत्येकी पन्नास मिनिटांच्या अंतराने, असे पाच दिवस दिले. ठोके कुठे द्यायचे ते प्रत्येकाच्या मेंदूचा एमआरआय काढून ठरवले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरा उपचार मिळालेल्यांपैकी ७९ टक्के आणि लुटुपुटूचा मिळालेल्यांपैकी १३ टक्के नैराश्यातून बाहेर आले. त्या चाचणीत माणसे एकोणतीसच होती. आकडा पाहून आनंद होतो, तो जपून धरावा इतकेच.

शॉक या शब्दाला मात्र लोक अजून दचकतात. रोममध्ये १९३८ साली उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी सुरू केलेला हा उपचार सिनेमांनी छळाचे साधन म्हणून रंगवला आणि एके काळी तो भुलीवाचून दिला जाई हेही खरे. आजची खोली वेगळी असते. उपाशीपोटी आलेल्या रुग्णाला शिरेतून भूल देतात, मग स्नायू सैल करणारे औषध. एका पायाच्या घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आधीच आवळलेला असतो, म्हणजे ते औषध पावलापर्यंत पोहोचत नाही. वीज काही सेकंदच जाते. सगळे अंग निश्चल असते, फक्त त्या पायाची बोटे अर्धा-एक मिनिट थरथरतात आणि डॉक्टर त्या बोटांकडे बघून मेंदूतला झटका मोजतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता हा उपचार करायला बंदी आहे. अन्नपाणी सोडलेल्या, पुतळ्यासारख्या ताठलेल्या रुग्णाला काही दिवसांत जेवायला बसवण्याची ताकद आजही याच्याइतकी दुसऱ्या कशात नाही. काही काळाच्या आठवणी पुसट होतात, ही त्याची खरी किंमत. विजेची स्पंदने अतिसूक्ष्म करून आणि ती फक्त उजव्या बाजूला देऊन ती किंमत कमी करण्याचे काम चालू आहे.

मेंदूतच तार बसवण्याचा उपाय यापुढचा आणि फार थोड्यांसाठीचा. हेलन मेबर्ग आणि आंद्रेस लोझानो यांनी २००५ मध्ये टोरोंटोत सहा रुग्णांवर तो केला, चौघांना गुण आला. पुढची मोठी चाचणी अर्ध्यावरच थांबवावी लागली. आता मेंदूतली लक्षणाची खूण ओळखून तेवढ्याच वेळी वीज सोडणारी यंत्रे एकेका रुग्णावर तपासली जात आहेत.

वेड की सूज

विशीतली मुलगी. आठवडाभर डोके दुखते, ताप येतो, मग ती झोपेनाशी होते, असंबद्ध बोलते, घरच्यांवर संशय घेते. तोंडाच्या विचित्र हालचाली करते. गावात याला बाहेरची बाधा म्हणतात, शहरात तीव्र मनोविकार. २००७ मध्ये होसेप दालमाऊ यांच्या गटाने दाखवून दिले की अशांपैकी काहींच्या शरीरातील प्रतिपिंडे मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांवर हल्ला करत असतात. केटामाइन ज्या ग्राहकांवर काम करते तेच हे. तरुण स्त्रियांत कधी बीजाशयातल्या गाठीमुळे हे सुरू होते. पाठीच्या कण्यातले पाणी तपासले की निदान होते, आणि स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, गाठ असल्यास शस्त्रक्रिया, अशा उपचारांनी बहुतेक रुग्ण हळूहळू सावरतात. एका तपासणीने देवऋषी आणि मनोरुग्णालय दोन्ही टळू शकतात. मनोविकारांच्या मोठ्या गर्दीत असे रुग्ण थोडे, पण ज्या घरात ती मुलगी आहे त्या घराला ते थोडे म्हणता येत नाही.

जनुकांनी आतापर्यंत दिलेले व्यवहारी उत्तर याहून लहान आहे. कार्बामाझेपिन हे बायपोलर विकारातही वापरले जाणारे औषध काही आशियाई लोकांत अंगाची कातडी सोलवटणारी जीवघेणी प्रतिक्रिया घडवते, आणि एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार असणाऱ्यांना तो धोका फार जास्त असतो. रक्ताच्या एका चाचणीने तो आधी ओळखता येतो. स्किझोफ्रेनियाचे मात्र तसे नाही. २०२२ मधल्या जागतिक अभ्यासात त्याच्याशी नाते असलेल्या २८७ जागा जनुकसंचात सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. यावरून एखाद्याला आजार होईल की नाही हे सांगता येत नाही. स्थळ बघताना भावाचा आजार लपवणाऱ्या घरांच्या देशात हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे, कारण उद्या कोणीतरी 'जनुकीय अहवाल' मागेल आणि कोणीतरी तो विकायला बसेल.

आवाजाला चेहरा

फोनच्या आणि संगणकाच्या आधाराने येणाऱ्या उपचारांत सर्वांत कल्पक आहे तो लंडनमध्ये ज्युलियन लेफ यांनी सुरू केलेला अवतार उपचार. कानात शिव्या देणाऱ्या आवाजाचा चेहरा कसा असेल ते रुग्ण संगणकावर स्वतः घडवतो. नाक, डोळे, आवाजाची पट्टी, सगळे जुळेपर्यंत. मग दुसऱ्या खोलीत बसलेला उपचारक कधी स्वतःच्या आवाजात धीर देतो, तर कधी त्या चेहऱ्याच्या तोंडून बोलतो. "तू कुचकामी आहेस," असे तो चेहरा म्हणतो आणि रुग्ण, कित्येक वर्षांत प्रथमच, त्याला समोरासमोर उत्तर देतो. सत्रागणिक तो चेहरा नमते घेतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५० जणांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी आवाजांचा त्रास साध्या समुपदेशनापेक्षा जास्त कमी झाला होता. चोवीस आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही, कारण समुपदेशन मिळालेलेही तोवर सुधारले होते.

बोलणाऱ्या यंत्रांची सुरुवात १९६६ ची. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांचा 'एलिझा' हा कार्यक्रम रुग्णाचेच वाक्य प्रश्न करून परत टाकत असे आणि माणसे त्याच्याशी मन मोकळे करत. हे पाहून वायझेनबॉम स्वतः अस्वस्थ झाले होते. आज बंगळुरात जन्मलेले 'वायसा' फोनवर पहाटे तीन वाजताही उत्तर देते. एकट्या माणसाला त्याचा आधार वाटतो, तो खोटा म्हणता येणार नाही. पण सर्वसाधारण कामासाठी बनलेली संभाषणयंत्रे समोरच्याच्या कलाने घेतात, आणि ज्याला जगभर आपल्याविरुद्ध कट दिसतो त्याच्या कलाने घेणे म्हणजे कट खरा म्हणणे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्राकडून मानसोपचार देण्यावर कायद्याने बंदी घातली. पलीकडे माणूसच असलेली भारतातली सोय म्हणजे १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलिमानस. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

आरोग्य केंद्रातली खोली

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, 'संगत' या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने केलेल्या कामाला यंत्र लागले नाही. म्हणूनच बहुधा त्याला कोणी नवा शोध म्हणत नाही. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा प्रश्न असा होता: मनोविकारतज्ज्ञ पुरेसे नाहीत आणि लवकर होणारही नाहीत, तर तीव्र नैराश्यावरचा संवाद-उपचार मानसशास्त्राची पदवी नसलेली स्थानिक माणसे देऊ शकतील का?

उपचाराचा गाभा कृतीचा आहे. नैराश्यात माणूस अंथरूण धरतो, अंथरूण धरल्याने अधिक खचतो. समजा, पन्नाशीची एक बाई अंगदुखीसाठी केंद्रात आली. नऊ प्रश्नांच्या पत्रिकेत तिची उदासी कळली. समुपदेशक आजाराचे जड नाव घेत नाही, 'टेन्शन' म्हणतो, कारण तो शब्द तिचाच आहे. "मन घट्ट कर" असेही म्हणत नाही. पूर्वी दिवस कसा जायचा, हे विचारतो. बाजार, शेजारणीकडे बसणे, अंगणातली झाडे. यातले सगळ्यात सोपे काय? झाडांना पाणी. कधी? सकाळी चहानंतर. अडचण काय येईल? उठवत नाही. मग नातीला हाक मारायला सांगायचे. पुढच्या आठवड्यात पाणी किती दिवस घातले आणि त्या दिवशी कसे वाटले, ते चित्रांच्या तक्त्यावर दोघे मिळून बघतात. तीस-चाळीस मिनिटे, सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा घरी.

लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ४९३ रुग्ण होते. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या रेषेखाली आले होते, नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' या प्रकल्पाने याच धर्तीवर गावातल्या कार्यकर्त्यांकरवी काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे सहापट. आणि तरीही दर चौघांतले जवळजवळ तिघे बाहेरच राहिले.

या कामातले कठीण विज्ञान दर्जा टिकवण्यात आहे. रुग्णाच्या संमतीने भेटीचे ध्वनिमुद्रण होते. आठवड्यातून एकदा समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या भेटी ऐकतात आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देतात. इथे तू घाईने सल्ला दिलास, इथे ती रडत होती आणि तू तक्ता काढलास. आधी हे गुण तज्ज्ञ देत. सरावानंतर समुपदेशकांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी जुळू लागले, आणि तिथेच तज्ज्ञाची रोजची गरज संपली. पुढे मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना हेच कौशल्य फोनवरच्या धड्यांतून शिकवून पाहण्यात आले. धडा शेतातून परतल्यावर, स्वयंपाक आटोपल्यावर ऐकता येतो. भेटी ऐकायला मात्र चौघींना एकत्र बसावे लागते, आठवड्यातली एक दुपार काढून. लसीकरणाला, बाळंतपणाला सोबत नेण्याला कामागणिक मोबदला मिळणाऱ्या आशाताईच्या दरपत्रकात त्या दुपारची ओळ यायला हवी.